बारा सह्या

आमच्या घरात रागवायचा हक्क एकट्या बाबूजींचा होता. दादाला रुसता यायचं, आईला भांडी आपटता यायची, मला रडता यायचं. पण राग म्हटला की तो बाबूजींचा. ड्यूटीवरून आले की ते सायकल व्हरांड्याच्या भिंतीला टेकवायचे आणि त्या आवाजावरून आई ओळखायची, आज गडी कसा आहे. हळू टेकली तर चहा, आपटली तर आधी पाणी. मी आता सत्तरीला टेकले. उभी हयात शाळेत शिकवलं, मुलींना रागावर ताबा ठेवायचे धडे दिले, निबंध तपासले. पण स्वतःचा एक राग मी इतकी वर्षं जपून ठेवला आहे आणि हे प्रकरण त्याचं आहे. ‘शांत मनानं लिहा’ असं माझी सून म्हणते. शांत मनानं लिहायचं ते बाकीच्या प्रकरणांत लिहून झालं.

आम्ही पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, रुआबांध्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, सैपाकघर, मागं आंगण आणि आंगणात आईनं लावलेला मुनग्याचा झाड. ‘मुनग्याचा झाड’च म्हणायचो आम्ही, शाळेत बाईंनी ‘शेवग्याचं झाड’ शिकवलं तरी घरात ते कोणाच्या तोंडी बसलं नाही. बाबूजी भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतातून उठून पोलाद कारखान्यात आलेले. त्यांना जेवायला भातच लागायचा आणि सणाला लाखोळीच्या डाळीचे वडे. पण आई शेजारच्या साहू काकींकडून चीला आणि तांदळाचा उकडलेला फरा शिकली होती, त्यामुळं रविवारी सकाळी आमच्याकडं तांदळाच्या पिठाचा चीला आणि टमाटरची चटणी असायची. तव्याचा चर्र आवाज, दूरवरचा कारखान्याचा भोंगा, मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याची धडधड धडधड. बाहेरगावचा पाहुणा आला की दचकायचा. आम्हाला ते आवाज थांबले तरच जाग यायची. दोरीवर वाळत टाकलेल्या पांढऱ्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत लालसर धूळ बसायची आणि आई कारखान्याला शिव्या द्यायची. त्याच कारखान्याचं आपण खातो, हे बाबूजी तिला दर वेळी सांगायचे.

आमच्या मागच्या ओळीत तिर्कीकाका राहायचे. जशपूरचे, उराँव आदिवासी, उंच, काळेसावळे, हात एवढे मोठे की चहाचा कप त्यांच्या मुठीत दिसायचाच नाही. ते कारखान्यात बाबूजींच्याच मिलमध्ये क्रेन चालवायचे, शिफ्टही एकच. काकी गावाकडं शेती पाहायच्या, नाताळात येऊन महिनाभर राहायच्या आणि आमच्याकडं गुळाचे अरसे पाठवायच्या. तरुणपणी काका फुटबॉलचे गोलकीपर होते. कलकत्त्याहून एक मोठा संघ एकदा इकडं खेळायला आला, तेव्हा त्यांच्याविरुद्ध गोलात उभे राहिलेले ते हेच. काकांचा संघ हरला, पण त्यांनी इतके गोल वाचवले की सामना संपल्यावर त्या मोठ्या खेळाडूंनी मॅचचा बॉल त्यांना दिला, वर अकरा जणांनी सह्या केल्या आणि बारावी सही करायला पेन काकांच्याच हातात दिलं. त्या सामन्यात काकांचा उजवा अंगठा मोडला होता. म्हणून बारावी सही डाव्या हाताची, वाकडीतिकडी, लहान मुलानं केल्यासारखी.

त्या बॉलपासून त्यांना नाद लागला. एका लोखंडी पेटीत सगळं असायचं: सह्या केलेली जुन्या स्पर्धांची कार्डं, कडेला आठ जणांची नावं असलेला संघाचा फोटो, एका बॅकची लोकरीची जर्सी, तिच्या कॉलरच्या आत सही. म्हाताऱ्या झालेल्या खेळाडूंना ते पोस्टकार्डं टाकायचे, हैदराबादला, कलकत्त्याला, केरळात. दहातल्या दोघांचं उत्तर यायचं आणि ते उत्तर पेटीत जायचं. कोणी वारला की त्याच्या घरी सांत्वनाचं पत्र टाकायचे; सही मागायचे नाहीत. इंग्रजी पत्ते लिहायला त्यांना मी लागायचे, कारण माझं अक्षर छापल्यासारखं होतं. मी तेव्हा नववी-दहावीत होते. त्यांच्या घरी गेले की आधी हात धुवायचे, कोरडे करायचे, मग पेटी उघडायची. त्यांनी मला शिकवलं की चामड्यावरची शाई उन्हानं उडते, बॉलमधली हवा पूर्ण काढली तर शिवणीपाशी चामडं तडकतं, पूर्ण भरली तर ताणून सह्या फाटतात. अर्धी हवा ठेवायची. दर थंडीत सह्या सोडून बाकी चामड्याला ते टोरीचं तेल लावायचे, मोहाच्या बियांचं. तो वास मला आजही कुठं आला तर मी थांबते.

बॉलवरच्या सह्या फिकट होत चालल्या होत्या, म्हणून काकांनी मला एक काम दिलं. कोणत्या पट्टीवर कोणाची सही, ती कशी आहे, हे वहीत हुबेहूब उतरवून ठेवायचं. मी नववीतल्या दिवाळीची अख्खी सुट्टी त्यात घातली. एकाच्या ‘एस’ला शेपूट होतं, एकाच्या पेनातली शाई मध्येच संपली होती, एकजण नावाखाली दोन रेघा मारायचा. शेवटी मला त्या बाराही सह्या न पाहता येऊ लागल्या. मी काकांना करून दाखवल्या, तर ते खो खो हसले. “बेटी, तू तो पूरी टीम है!”

माझा मोठा भाऊ सुधाकर, आमचा दादा, फॉरवर्ड खेळायचा आणि बरा खेळायचा. दुर्ग रोडवर एका शेठचा खाजगी कारखाना होता. शेठनं स्वतःची टीम ठेवली होती आणि टीममध्ये घेतलेल्या पोरांना कारखान्यात चिकटवायचा. दादाची तिथं निवड व्हायची वेळ आली आणि त्याच महिन्यात त्याचा गुडघा गेला. आता खेळाच्या जोरावर नोकरी मिळणं शक्य नव्हतं. पण या शेठला जुन्या सह्यांच्या वस्तूंचा शौक होता, आणि तिर्कीकाकांचा बॉल तो दोनदा मागून बसला होता. काकांनी दोन्ही वेळा हात जोडून नाही म्हटलं होतं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून.

गणपतीच्या आधी दादा एक जुना लेसवाला बॉल घेऊन आला, तपकिरी, झिजलेला.

“शोभे, मंडळात खेळाचं प्रदर्शन लावून राहिलो आमी,” तो म्हणाला. “तिर्कीकाका असली बॉल तर दहा दिवस देनार नाही. तू याच्यावर तशाच सह्या करून दे. लोकाले पाह्यले होते.”

“काकाले सांगतलं काय?”

“सांगतलं ना. हसले ते.”

मला अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला. मी निळ्या शाईत चहाचं पाणी घालून रंग फिका केला, तीन दिवस बसले. रंग बरोबर जुळत नव्हता, तेव्हा दादा म्हणाला, एका दिवसासाठी असली बॉल मागून आण, शेजारी ठेवून पाहू. काकांनी तो दिला. दुसऱ्या कोणाला दिला नसता. मी मागितला म्हणून दिला, पिलो कव्हरमध्ये गुंडाळून. मी बारावी सहीसुद्धा केली, डाव्या हातानं, वाकडीतिकडी. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बॉल गुंडाळून तयार होता. “जा, देऊन ये,” बाबूजी म्हणाले. बाबूजींनी या गोष्टीत लक्ष घातलं याचं मला नवल वाटायला हवं होतं. मी तो उघडूनही पाहिला नाही. काका ड्यूटीला निघण्याच्या घाईत होते. त्यांनीही तो तसाच पेटीत ठेवला.

रविवारी सकाळी मी पत्ते लिहायला गेले तेव्हा पेटी उघडी होती आणि काका जमिनीवर बसले होते, मांडीवर बॉल. त्यांनी तो माझ्यापुढं केला.

“सूँघ.”

मी वास घेतला. बूट पॉलिश. तेलाचा मागमूस नाही.

काकांनी एकेका सहीवरून बोट फिरवलं, ‘एस’च्या शेपटावरून, दोन रेघांवरून, आणि बारावीपाशी थांबले.

“मेरा नाम भी तूने ही लिखा?”

“हो, काका. पन... वो प्रदर्शन के लिए...”

“बहुत अच्छा लिखा है,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, हेच मला सोसलं नाही. त्यांनी बॉल माझ्या हातात दिला. “ये तेरा है. ले जा.”

घरी चीला चालू होता. बाबूजी पाटावर बसले होते, दादा भिंतीला टेकून पाय लांब करून. मी बॉल बाबूजींच्या ताटाजवळ ठेवला.

“असली कुठी आहे?”

बाबूजींनी घास चावून संपवला. “जिथी कामाचा आहे तिथी.”

“म्हनजे शेठकडे. त्यानं कामावर घेतलं मले,” दादा म्हणाला. त्याला निदान मान वर करता येत नव्हती.

“तुमी काकाचा बॉल चोरला!”

“चोरला कावून?” बाबूजी म्हणाले. “तो पेटीत पडून होता. तुया भावाचा पाय गेला, त्याले कोन देईल नोकरी? तिर्कीले लेकरू नाही, बाळ नाही, कोनासाठी ठेवून राहिला तो? त्याले तर फरकही समजला नसता, तू नीट केलं असतं तर.”

मी नीट केलं असतं तर! माझ्याकडून कामात चूक झाल्यासारखं ते बोलले. वर्षभरापूर्वी बाबूजींना टायफॉइड झाला होता, तेव्हा याच तिर्कीकाकांनी त्यांना सायकलवर बसवून हॉस्पिटलमध्ये नेलं होतं आणि महिनाभर आमचं रेशन आणून दिलं होतं. मी ते बोलून दाखवलं. बाबूजींनी ताट सरकवलं आणि माझ्या कानाखाली मारली. त्यांनी मला त्याआधी कधी मारलं नव्हतं. आई तव्यापाशी बसून होती. तिनं चीला उलटला, तो जळला होता, तरी तिनं तो ताटात वाढला. आई वाईट नव्हती. पण त्या दिवशी ती गप्प बसली. तेही मी विसरलेली नाही आणि मेलेल्या माणसाविषयी असं लिहू नये म्हणून ते गाळणारही नाही.

मी आईची सायकल काढली. ती साडी नेसून जिच्यावर बाजाराला जायची ती. सीट उंच, ब्रेक एकच. सेक्टर १० ओलांडला, सिव्हिक सेंटरवरून सुपेल्याकडं आणि तिथून दुर्ग रोडला. कान झणझणत होता. वाटेत मी ठरवत गेले होते की शेठच्या पाया पडायचं, रडायचं, खरं सांगायचं. बंगल्याच्या फाटकावर मी सांगितलं, सुधाकरची बहीण, बॉलचं काम आहे. मला आत घेतलं. बैठकीत काचेचं कपाट होतं. सह्यांच्या बॅटी, सह्यांचे टी-शर्ट, आणि मधल्या फळीवर पितळी स्टँडवर काकांचा बॉल. त्यात हवा पूर्ण भरलेली होती, फुगून टणक. ते पाहिलं आणि माझं रडू जागच्या जागी संपलं.

शेठ पेपर वाचत होता. “क्या हुआ? भाई ने भेजा?”

मला एकदम समजलं की खरं सांगून हा माणूस बॉल देणार नाही. याला खरं आधीच ठाऊक होतं. मी म्हटलं, “शेठजी, वो बॉल नकली है. मैंने बनाया है.”

तो हसला. मी त्याच्यासमोरच्या टीपॉयवरचं पेन घेतलं आणि त्याच्याच पेपरच्या कडेला, बातम्यांवरून, एकेक सही करत गेले. शेपटाचा ‘एस’. मध्येच शाई संपलेली. दोन रेघा. अकरा झाल्या. मग पेन डाव्या हातात घेतलं आणि बारावी केली. शेठ उठला, कपाट उघडून बॉल घेतला, पेपरशेजारी धरला. कितीतरी वेळ तो इकडून तिकडं पाहत होता. त्याला असली-नकली काही समजत नव्हतं. त्याला फक्त मालकीचं समजत होतं. पण आपल्याला कोणीतरी बनवलं, हे त्याच्या तोंडावर हळूहळू चढत गेलं.

“असली कहाँ है?”

“तिर्की काका की पेटी में.”

मला माहीत होतं की या वाक्यानं दादाची नोकरी जाणार. मला कोणी भोळी म्हणू नये. मी ते पूर्ण समजून बोलले, आणि बोलताना मला बरं वाटलं.

शेठनं बॉल दाराबाहेर फेकला. तो पायऱ्यांवरून उड्या मारत गवतात गेला. “उठा ये कचरा! और तेरे भाई को बोल, कल से शकल मत दिखाना.” मी धावत गेले, बॉल ओढणीत गुंडाळला आणि सायकलच्या हॅंडलला बांधला.

काकांच्या दारात मी दोन्ही हातांनी तो पुढं केला. त्यांनी वास घेतला. डोळे मिटून घेतला. मग सुईसारखी तार आणून लेस सैल केली, अर्धी हवा सोडली, आणि तो पेटीत ठेवला. मी सगळं सांगत होते, शेठ, पेपर, बारा सह्या, सगळं. त्यांनी पेटीला कडी लावली, मग कुलूप. त्या पेटीला मी याआधी कुलूप पाहिलं नव्हतं. मला वाटत होतं ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील. ते म्हणाले, “घर जा. माँ देखती होगी.”

त्यानंतर त्यांनी मला पत्ते लिहायला बोलावलं नाही. मी दोनदा गेले. त्यांनी चहा दिला, पेटी उघडली नाही. त्यांचा दोष नव्हता. माझ्या हातानं त्यांना फसवलं होतं आणि त्याच हातानं मी बॉल परत आणला होता. त्यांनी तरी कोणत्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा? चार महिन्यांनी नोकरी सोडून ते जशपूरला गेले. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा बाबूजी घरातच होते, व्हरांड्यात, पाठ करून दाढी करत.

दादाला शेठनं काढलं. पुढं त्यानं सुपेल्यात खेळाच्या सामानाचं दुकान टाकलं आणि ते उत्तम चाललं. उपाशी कोणी राहिलं नाही. पण आमच्या नातेवाइकांत गोष्ट अशी पसरली की शोभीनं जळून भावाची नोकरी घालवली. मला पाहायला आलेल्यांपर्यंत ती पोचली. आत्या, मावश्या, चरोद्याचे मामा, सगळ्यांनी मला समजावलं की रागात माणूस आपल्याच घराला आग लावतो. बॉल कोणाचा होता, हे त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही. कारखान्यात शिफ्ट चालू राहिली, घरी भात शिजत राहिला, मी बी.ए. केलं, बी.एड. केलं, नोकरी लागली. वेगळं राज्य झालं, रुआबांध्याच्या क्वार्टरांना आता रंगीत टाइल्स लागल्या. बाबूजी गेले तेव्हा मी रडले. राग होता तिथंच होता.

मागच्या उन्हाळ्यात दादाच्या नातीचं लग्न झालं. दुपारची पंगत, मांडवात कूलर घरघरत होते. दादा आता पंचाहत्तरीचा, गुडघ्याला पट्टा, खुर्चीवर बसून नातवंडांना हिंदीत गोष्टी सांगत होता. मी ताट घेऊन जवळ गेले तर हीच गोष्ट चालू होती, विनोद करून. “तुम्हारी शोभा आजी ने तो शेठ को ऐसा उल्लू बनाया ना...” पोरं हसत होती. त्याच्या गोष्टीत बॉल मंडळाचा होता. तिर्कीकाका त्यात नव्हतेच.

“दादा,” मी म्हटलं, “काका जशपूरले गेले त्याच्या आधी चार महिने इथीच होते. मागच्या ओळीत. तू गेलता काय त्यायच्याकडे?”

“अवं, कोनती गोष्ट कुठी काढून राहिली तू? लग्नघर आहे.”

“गेलता काय?”

“पन्नास वर्षं झाली, शोभे. आता तरी सोड.”

“मी येवढंच विचारून राहिली. माफी मागाले, नाही तर असंच, दारापर्यंत. एकदा तरी गेलता काय?”

पोरं दादाकडं पाहू लागली. वहिनी वाढता वाढता थांबली. दादानं इकडंतिकडं पाहिलं, कोणी सोडवतं का म्हणून. कोणी सोडवलं नाही.

“नाही,” तो म्हणाला.

मी तिथून निघाले आणि बायकांच्या पंगतीत जागा करून बसले. वहिनीनं गरम वडे वाढले. मी चार खाल्ले.